ताटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पूर्वजांना मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडून देण्यास सांगितले. इतिहासाचा शिक्षक म्हणून हा प्रसंग मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ताट आणि स्वाभिमान यांचे नाते विद्यार्थ्यांना समजावून देणाऱ्या या शिक्षकाने स्वतःच्या ताटाकडे मात्र नीट पाहिले ते गेल्या वर्षी, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविल्यानंतर.

वसतिगृहात आम्हाला ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि मेथी किंवा अंबाडीची भाजी मिळे. त्या जेवणाची आम्ही थट्टा करीत असू. नोकरी लागली आणि भाकरी ही गरिबीची खूण वाटू लागली. मैदा, वनस्पती तूप, फरसाण घरात आले. उपाशी पिढीच्या मुलांनी भरल्या ताटाला प्रगती मानले, यात नवल ते काय! ज्यांनी भूक पाहिली नाही, त्यांनी यावरून आम्हाला हसू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. आपण आमटीतले मीठ तेवढे पाहतो. पापड, लोणचे, फरसाण आणि खारवलेल्या मासळीतले मीठ हिशेबात धरीत नाही, आणि रक्तदाब मात्र निमूटपणे वाढत राहतो.

हा शाकाहाराचा प्रचार आहे, असे कृपया कोणी समजू नये. शाकाहारी पंगतीतही वनस्पती तुपात तळलेले पदार्थ असतातच. अंडी, मासळी, डाळी जरूर खाव्यात. प्रश्न तळणाचा, मिठाचा आणि मात्रेचा आहे. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. पोटभर जेवून धापा टाकीत आलेल्या राजाला तथागतांनी उपवास सांगितला नाही, मात्रा सांगितली. राजानेही जेवताना तिची आठवण करून देण्याचे काम एका तरुणाकडे सोपविले. माझ्या घरी हे काम मुलगी करते, आणि राजाइतका समजूतदार मी नाही.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. १४ एप्रिलला किंवा मुलांच्या वाढदिवशी माजी विद्यार्थी वसतिगृहात जिलेबी, फरसाण, बिस्किटांचे पुडे पाठवितात. भावना मोलाची आहे. परंतु यापुढे ज्वारीचे पोते, शेंगदाणे, केळी किंवा अंडी पाठवावीत, अशी माझी विनंती आहे. येत्या स्नेहमेळाव्याच्या पंगतीतही भाकरी, पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर असावी. वाढायला मी उभा राहीन.