कापडाला नियम आहे, कातडीला नाही



पऱ्हाटीवर मारायच्या औषधाचा डबा विकत घेताना आपण काय पाहतो? वरचे मोठे नाव, किंमत आणि दुकानदाराने तोंडी सांगितलेले टाकीचे प्रमाण. ज्याला थोडी सवय आहे तो टक्के वाचतो. प्रोफेनोफॉस ४० टक्के, सायपरमेथ्रिन ४ टक्के. बेरीज झाली ४४. मग उरलेला निम्म्याहून जास्त डबा कशाने भरला आहे? पैसे आपण पुऱ्या डब्याचे मोजतो आणि फवारताना अंगावर उडते तेही पुऱ्या डब्यातलेच. मग हिशेब मात्र ४४ टक्क्यांचाच का?

जिल्ह्याच्या बैठकीत या उरलेल्या भागाबद्दल बोलावे अशी आमची इच्छा आहे. कापसाच्या भावाइतका हा विषय मोठा नाही असे कोणी म्हणेल. पण यात पैसाही आहे आणि जीवही आहे.

उरलेल्या भागात मुख्यतः दोन वस्तू असतात. एक तेलासारखा द्रावक. कीटक मारणारे बहुतेक रसायन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते या द्रावकात विरघळवतात. दुसरी वस्तू म्हणजे हे तेल पाण्यात मिसळवून ठेवणारे द्रव्य. त्याला कारखान्यात एमल्सिफायर म्हणतात, दुकानात स्टिकर किंवा स्प्रेडर म्हणतात, शास्त्राच्या पुस्तकात सर्फॅक्टंट म्हणतात. आम्ही या लेखापुरते त्याला साबणी द्रव्य म्हणतो, कारण साबण, रिठा आणि शिकेकाई ही त्याचीच घरची भावंडे आहेत. अशा द्रव्याच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एका टोकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल. हा कण दोघांच्या सीमेवर उभा राहतो आणि त्यांना वेगळे होऊ देत नाही.

दुधात हेच घडते. दुधातली चरबी पाण्यात बारीक थेंबांनी तरंगते आणि प्रथिनांचे पातळ आवरण तिला धरून ठेवते. रवीने घुसळले की आवरण फुटते आणि लोणी वर येते. औषध पाण्यात ओतल्यावर दुधासारखे पांढरे होते ते याच कारणाने. टाकीत तेलाचा थर वर आला किंवा तळाशी गोळे बसले तर समजावे की पायस फुटले. मग एका ओळीला नुसते पाणी आणि दुसऱ्या ओळीला जाळून टाकणारे औषध, असा फवारा होतो.

याच द्रव्याचे दुसरे काम पानावर चालते. ज्वारीच्या ताटावर आणि पानाच्या देठाशी पांढरी भुकटी दिसते. ते मेण आहे. कोरडवाहू जमिनीत ओल जपण्यासाठी पिकाने केलेली ती सोय आहे. त्या मेणावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळून जातो. पाण्याचा पृष्ठताण शास्त्राच्या मापाने ७२ च्या आसपास असतो. साधे साबणी द्रव्य तो ३० च्या जवळ आणते. सिलिकॉनचा स्टिकर तो २०-२२ पर्यंत उतरवतो. थेंब पसरतो आणि पोंग्यात शिरतो. २०१८ पासून आलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यातच बसते, म्हणून स्टिकरचा खप का वाढला ते समजते.

पण येथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. एका ठरावीक प्रमाणानंतर साबणी द्रव्य वाढवले तरी पृष्ठताण आणखी उतरत नाही. जादा कण पाण्यातच पुंजके करून बसतात. दुप्पट स्टिकर घातला म्हणून औषध दुप्पट पसरत नाही. उलट फवारा पानावरून ओघळून जमिनीवर जातो आणि कोवळे पान करपते. म्हणजे जादा ओतलेल्या स्टिकरचे पैसेही गेले आणि त्याच्याबरोबर औषधही मातीत गेले.

हे पुंजके रसायनांच्या मोडतोडीतही हात घालतात. प्रोफेनोफॉस, मॅलॅथिऑन या जातीची औषधे विम्ल पाण्यात तुटतात. सामू ७ असताना कित्येक दिवस टिकणारे प्रोफेनोफॉस सामू ९ झाला की काही तासांत निम्म्यावर येते. आपल्या अनेक बोअरच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते पाणी आपण रोज टाकीत भरतो. त्यातल्या चुन्याच्या क्षारांशी साबण जुळला की त्याचा साका होतो आणि नोझल तुंबते. स्टिकर महाग म्हणून कोणी धुण्याची पावडर टाकतो. त्या पावडरीत सोडा असतो. सोड्याने सामू आणखी चढतो आणि सकाळी कालवलेले औषध दुपारपर्यंत अर्धे मेलेले असते. साबणी द्रव्य धन भाराचे असेल तर ही मोडतोड आणखी वेगाने होते, ऋण भाराचे असेल तर बहुधा मंदावते. आणि धन भाराचे व ऋण भाराचे एकाच टाकीत आले तर ती एकमेकांना बांधून तळाशी बसतात. अळी मेली नाही की आपण म्हणतो औषध बनावट निघाले. कधी ते बनावट असतेच. कधी मात्र डब्यात काय आहे हे न कळल्यामुळे आपल्याच टाकीत ते मारले गेलेले असते.

आता हाच कापूस पुढे कोठे जातो ते पाहू. जिनिंगमधून गाठी, गाठींतून सूत आणि त्यातले कितीतरी सूत ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीला. तेथे लाखो माग चालतात. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लावतात, नाहीतर धागा घासून तुटतो. खळीत स्टार्चबरोबर चरबी किंवा तेल असते आणि ते स्टार्चमध्ये मिसळून राहावे म्हणून पुन्हा साबणी द्रव्य. कापसाच्या तंतूवरही ज्वारीच्या पानासारखे मेण असते, वजनाने एक टक्क्याच्या आत. पण तेवढ्यानेही कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात पाणी धरत नाही. ते मेण काढण्यासाठी प्रोसेसिंगवाले कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात आणि त्यात भिजवणारे साबणी द्रव्य घालतात. रंग एकसारखा बसावा म्हणून पुन्हा तेच आणि कापड मऊ लागावे म्हणून शेवटी आणखी एक. शेतापासून सदऱ्यापर्यंत कापसाची सोबत हे द्रव्य सोडत नाही.

या कामासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे एक स्वस्त द्रव्य म्हणजे नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट. पाण्यात गेल्यावर त्याचे तुकडे होतात आणि त्यातून निघालेले नोनिलफेनॉल माशांच्या संप्रेरकांत बिघाड करते. युरोपने २००३ साली आपल्या कारखान्यांतल्या त्याच्या वापरावर निर्बंध आणले. कापड आणि कातडे यांच्याबरोबर कीटकनाशकांतला वापरही त्यात आला. पुढे लक्षात आले की बाहेरून येणारे कापड घरोघर धुतले जाते आणि हे द्रव्य त्या वाटेने नदीत उतरतेच. म्हणून २०१६ साली नवा नियम केला आणि ३ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला. धुतल्या जाणाऱ्या कापडात हे द्रव्य वजनाच्या ०.०१ टक्का किंवा अधिक असेल तर ते कापड तेथे विकता येत नाही. आता निर्यातीचा व्यापारी कापडाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवतो आणि द्रव्याच्या पिंपाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक मागतो.

युरोपने आपल्या नदीतल्या माशासाठी हे केले. चांगलेच केले. भिवंडीचा सायझिंग कामगार त्यामुळे सुखी झाला असे आम्ही म्हणत नाही, त्याची वाफ आणि त्याचा खोकला तसाच आहे. पण तेथे निदान पिंपात काय आहे हे विचारण्याची रीत तरी पडली. आमचा प्रश्न एवढाच आहे. ज्या द्रव्यासाठी कापडाचा तुकडा तपासला जातो, त्याच जातीचे द्रव्य तो कापूस पिकवणाऱ्याच्या पाठीवर, मनगटावर आणि मांडीवर दिवसभर ठिबकते, त्याची तपासणी कोण मागणार?

कातडीचे काम पानासारखेच आहे. तिच्यावरही तेलाचा थर असतो आणि तोच आपल्याला वाचवतो. द्रावक आणि साबणी द्रव्य तो थर सैल करतात आणि विषाला वाट करून देतात. औषध पानात शिरावे म्हणून केलेली युक्ती आपल्या अंगातही तितक्याच इमानाने चालते. घाम आणि उकाडा तिला मदत करतात. सर्वात धोक्याची वेळ फवारण्याची नव्हे, डब्यातले घट्ट औषध ओतण्याची आणि हाताने ढवळण्याची असते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर फवारणीने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एका टाकीत. त्या मृत्यूंचे खापर एकट्या साबणी द्रव्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही, आम्ही ते फोडत नाही. पण डॉक्टरपुढे पडलेल्या माणसाच्या अंगात काय काय गेले, हे सांगणारा कागद कोणाजवळ होता? ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषावर अॅट्रोपिन आहे. साबणी द्रव्याच्या विषावर उतारा नाही, केवळ लक्षणांवर उपचार आहेत. ग्लायफोसेटच्या तणनाशकात घातले जाणारे टॅलोअमाइन जातीचे द्रव्य इतके जहाल ठरले की युरोपने २०१६ साली ग्लायफोसेटच्या डब्यातून ते काढायला लावले. म्हणजे ‘इतर घटक’ म्हणून ज्यांची बोळवण होते, ते मुळीच निरुपद्रवी नसतात.

आता कायदा पाहू. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत १९ वा नियम आहे. लेबलवर क्रियाशील आणि इतर घटकांचे नाव व प्रत्येकाचे टक्के छापावेत, असे तो सांगतो. अनेक डब्यांवर प्रत्यक्षात काय सापडते? मुंगीच्या अक्षरात ‘एमल्सिफायर मिश्रण’ आणि ‘द्रावक’. बियाण्याच्या पिशवीवर ‘वाण’ एवढेच छापावे आणि नाव सांगू नये, असाच हा प्रकार झाला. वेगळ्या बाटलीत विकल्या जाणाऱ्या स्टिकरची तर मौजच आहे. १९६८ च्या कायद्याने कीटकनाशक म्हणजे अनुसूचीतले रसायन किंवा ते असलेले मिश्रण. स्टिकरमध्ये तसे रसायन नाही, म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही. ज्याच्यामुळे विष आत शिरते त्यालाच त्या कायद्याच्या लेबलचे बंधन नाही.

कंपन्या म्हणतील, हे आमच्या धंद्याचे गुपित आहे. गुपित कृतीत असू द्या, कोणत्या यंत्रात किती वेळ ढवळता ते आम्हाला नको. घटकाचे नाव नियमानेच मागितले आहे. साहेब लोक म्हणतील, अवघड नावे छापून शेतकऱ्याला काय कळणार? नांदेड ४४ आणि सीएसएच ९ यांचे गुणदोष ज्या शेतकऱ्याने पाठ केले, त्याला दोन रसायनांची नावे जड जाणार नाहीत. आणि आमचे काही मित्र म्हणतील, सगळ्या औषधांवर बंदीच घाला. अळी बंदी मानत नाही. आम्हाला औषधही हवे आहे आणि ते निवडण्याची मोकळीकही हवी आहे. ज्याला डब्यातले माहीत नाही त्याची निवड दुकानदारच करतो.

म्हणून बैठकीत पुढील ठराव यावेत असे आम्ही सुचवतो.

१. लेबलवर एमल्सिफायर आणि द्रावक यांची नावे व टक्के, मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत छापावेत. १९ व्या नियमाची अंमलबजावणी तपासण्याचे काम कृषी खात्याने गोदामापासून सुरू करावे.

२. वेगळ्या विकल्या जाणाऱ्या स्टिकर आणि स्प्रेडरलाही घटक, भार, प्रमाण आणि प्रथमोपचार छापण्याचे बंधन घालावे.

३. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांनी जड पाण्यात कोणते औषध कशाबरोबर चालते आणि कशाबरोबर फाटते, याचा तक्ता दरवर्षी खरिपापूर्वी काढावा.

४. प्रत्येक औषधाचे सुरक्षा माहितीपत्रक कृषी केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ठेवावे.

ठराव होईपर्यंत पाऊस थांबणार नाही, म्हणून आपल्या हातातले आपण करू. टाकी भरण्यापूर्वी आपल्याच विहिरीचे पाणी एका काचेच्या बाटलीत घ्या. त्याच प्रमाणात आधी भुकटी, मग दाट प्रवाही, मग तेलकट औषध, शेवटी स्टिकर घाला. हातमोजे घालून बाटली हलवा आणि अर्धा तास ठेवा. साका, गोळे, तेलाचा थर किंवा बाटली गरम लागणे यांपैकी काही दिसले तर ते मिश्रण टाकीत नको. निंबोळी अर्कात साबण शिफारशीइतकाच, म्हणजे १०० लिटरला २०० ग्रॅम, आणि अर्क त्याच दिवशी संपवा. ढवळायला काठी घ्या. अंगावर सांडले तर कपडे उतरवून लगेच साबण आणि भरपूर पाणी, रॉकेल किंवा डिझेल नको. तेलकट औषध पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, द्रावक फुप्फुसात जातो. दवाखान्यात जाताना औषधाचा आणि स्टिकरचा, दोन्ही डबे बरोबर न्या.

आणि बैठकीला येताना प्रत्येकाने घरातला एक रिकामा डबा लेबलसकट, पिशवीत बांधून आणावा. सगळे डबे एका ओळीत मांडू आणि किती डब्यांवर साबणी द्रव्याचे नाव सापडते ते मोजू. तो आकडा ठरावाच्या पहिल्या ओळीत लिहू.