आमची पण ‘सुप्रमा’!

‘जाता जाता तेवढं एक बटण टाकून द्या ना!’ क्लायंटचं हे वाक्य ऐकलं की वीकेंड गेलाच समजा. बटणामागून रिपोर्ट येतो, रिपोर्टमागून एसएमएस, आणि पैसे मात्र तेवढेच. याला आमच्या धंद्यात ‘स्कोप क्रीप’ म्हणतात. अशाच बटणांपायी आमच्या टीममधली एक चांगली टेस्टर नोकरी सोडून गेली.

मी विट्याचा. या दुखण्यावरचा इलाज मला गावाकडच्या सरकारी योजनेत सापडला. (हसू नका!) कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून आमच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावर न्यायचं, ही टेंभू योजना. १९९६ मध्ये अंदाज होता सुमारे १,४१६ कोटींचा. २०२४ मध्ये मंजुरी मिळाली ७,३७० कोटींना. महागाई आणि रखडपट्टी त्यात आहेच. पण वगळलेली गावंही ‘आम्हालाही पाणी द्या’ म्हणत होती. त्यांचं काय चुकलं? खरं तर क्लायंटचंही बऱ्याचदा चुकत नाही.

फरक एवढाच, की गावं वाढली तेव्हा त्यांच्यासाठी जादा ८ टीएमसी पाणी कागदावर आलं, ४१ हजार हेक्टर मोजलं गेलं आणि खर्चाला ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घ्यावी लागली. सरकारी भाषेत ‘सुप्रमा’, आमच्या भाषेत चेंज रिक्वेस्ट.

हल्ली ‘हो सर’ म्हणण्याआधी मी तीन ओळींचा मेल टाकतो: काय वाढलं, किती दिवस वाढले, किती पैसे. उत्तर येईपर्यंत कोडला हात नाही. गेल्या महिन्यात एका क्लायंटच्या सात मागण्या होत्या. मेल गेल्यावर दोन उरल्या, आणि मी शनिवारी विट्याची एसटी पकडली.