नववीची शिल्लक

परवा आमची कन्या एका ठिकाणी मुलाखतीला गेली होती. समोरच्या गृहस्थांनी कागद चाळता चाळता दहावीच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवलं, '२०२१' हा आकडा वाचला आणि गालातल्या गालात हसून विचारलं, "अच्छा, कोरोना बॅच का?"

नोकरी मिळाली की नाही हा मुद्दा नाही. (मिळाली नाही.) मुद्दा त्या हसण्याचा आहे. ते हसू मी ओळखतो. फाटकी नोट सरकवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून काउंटरमागे आम्हीही तसंच हसतो. फरक इतकाच, की नोट त्यानं फाडलेली नाही हे आम्हाला ठाऊक असतं.

तेव्हा वाचकहो, आज जरा भांडायचं आहे. मी मूळचा भांडखोर नाही. वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस भांडतो ते फक्त घरी, आणि तेही हरण्यासाठी. पण हिशेबाचा प्रश्न आला, की माझ्यातला बी.कॉम. (सेकंड क्लास) जागा होतो.

एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं ऑक्सिजनसाठी दारोदार फिरत होती, तेव्हा पोरांना हॉलमध्ये कोंबणं हा वेडेपणा ठरला असता. माझं भांडण आहे ते २८ मे रोजी निघालेल्या गुणांच्या सूत्राशी. शंभरपैकी ३० गुण दहावीतल्या लेखी मूल्यमापनाचे, २० गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे आणि तब्बल ५० गुण नववीच्या निकालाचे!

नववी! मराठी मध्यमवर्गात नववी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. "आत्ता काय खेळायचं ते खेळून घे, पुढच्या वर्षी दहावी आहे," हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं. आमच्या घरात ते मी बोललो. कन्येनं शाळेच्या नाटकात वडाच्या झाडाची भूमिका घेतली, ती माझ्या परवानगीनं. पंधरा दिवस ती दिवाणखान्यात हात पसरून उभी असायची आणि सौ. तिच्या हातांवर टॉवेल वाळत घालायची. सहामाहीत गणितानं दगा दिला. मी म्हणालो, "असू दे, वार्षिकला भरून काढ."

आता खरी गंमत पुढे आहे. ती वार्षिक परीक्षा झालीच नाही! मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि एप्रिलमध्ये सरकारनं नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द केली. निकाल लागला तो पहिल्या सत्रावर, चाचण्यांवर आणि अंतर्गत मूल्यमापनावर. म्हणजे न झालेल्या दहावीच्या परीक्षेचा निम्मा निकाल अर्धवट झालेल्या नववीवर लावला. आमच्या बँकेत न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात, पण त्या खात्यावर कुणाला कर्ज देत नाहीत हो!

शिवाय नियम आला केव्हा? खेळ संपल्यावर चौदा महिन्यांनी. मार्चअखेरचा ताळेबंद झाला, सह्या झाल्या, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात हेड ऑफिसचं पत्र आलं की गेल्या साली कुणी किती चहा प्यायला यावर बढत्या ठरतील, तर आमची युनियन काय करील? पोरांना युनियन नव्हती. बाप होते, आणि बापांनीच तर चहा पाजला होता.

दहावीचं वर्षही कसं काढलं म्हणता! घरात धड चालणारा फोन एकच, तो माझा. बँकवाले म्हणून आम्हाला लोकलची परवानगी होती. मी डोंबिवलीहून गाडी पकडली की कन्येची शाळाही माझ्या खिशात बसून फोर्टला जायची. दुसरा फोन घेतला तो गणपतीनंतर, हप्त्यानं.

१६ जुलैला निकाल लागला. संकेतस्थळ लगेच कोसळलं, त्यामुळे देव पाण्यात आणि आम्ही फोनसमोर, असे काही तास गेले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! आमची रोजची कॅशसुद्धा इतक्या नेमानं जुळत नाही. मग गावभर विनोद सुरू झाले. ढकलपास काय, घरबसल्या पास काय! विनोद करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

एक आशा होती. अकरावीसाठी २१ ऑगस्टला शंभर गुणांची सीईटी ठरली होती. ऐच्छिक होती, पण देणाऱ्यांना प्रवेशात आधी संधी मिळणार होती. कन्या पहाटे उठून बसायची. झाडाचं पाप धुवायचं होतं ना! १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. लस न मिळालेल्या पोरांना एकत्र बसवणं जिवाशी खेळ, असं न्यायालय म्हणालं, आणि त्यात चूक काही नव्हतं. पण मग प्रवेशाला उरलं काय? तेच नववीचं झाड. दहा पसंतीक्रम भरले होते. सहावं कॉलेज मिळालं. माझी कन्या त्या दिवशी जेवली नाही आणि मला तिच्यासमोर बसवेना.

आता हसणाऱ्यांसाठी दोन आकडे देतो. याच पोरांनी २०२३ साली बारावीची लेखी परीक्षा दिली, हॉलमध्ये बसून, पूर्ण अभ्यासक्रमावर. निकाल लागला ९१.२५ टक्के. महामारी सुरू होण्याच्या तोंडावर, २०२० साली परीक्षा दिलेल्या बारावीचा होता ९०.६६. ढकललेली पोरं, म्हणे! पण बारावीचा कागद दहावीच्या खाली असतो, आणि लोकांचं बोट वरच्या कागदावरच थांबतं.

मुलाखतीहून आल्यावर मी कन्येला विचारलं, "कोरोना बॅच म्हणाले, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो. आणि तुमची कुठली?"

नोकरी का गेली, ते तेव्हा कळलं. सौ.नं त्या दिवशी शिरा केला.