पूल नाही, म्हणून मराठीही नाही?

आपल्याकडे बाळाच्या मेंदूचा एमआरआय हल्ली पत्रिकेसारखा वाचला जातो. अमुक घर रिकामं आहे, म्हणजे बोलणं कठीण; तमुक भाग लहान आहे, म्हणजे शाळा जमणार नाही. पत्रिका पाहून झाल्यावर जशी नक्षत्रशांत सांगतात, तशी इथेही एक शांत ठरलेली आहे: "घरात एकच भाषा बोला." कोणती, ते विचारावं लागत नाही. शाळा इंग्रजी, थेरपी इंग्रजी, तेव्हा आईबापांनी इंग्रजीच बोलायचं आणि जमेल तसं आजीनेही. मला या सल्ल्याविरुद्ध लिहायचं आहे. तो निराधार आहे. शिवाय ज्या मुलांना तो सर्रास दिला जातो, त्यांच्यातल्याच काहींचं त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं.

माझा संबंध सांगते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिच्या मेंदूत कॉर्पस कॅलोझम जन्मतःच नाही. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारा हा पूल. त्यात सुमारे २० कोटी मज्जातंतू असतात. तो गर्भावस्थेच्या पहिल्या निम्म्या काळातच आकार घेतो, त्यामुळे तो नसेल तर बहुतेकदा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच शंका येते. साधारण चार हजार जन्मांमागे एक, असा आकडा सहसा दिला जातो. म्हणजे हे फार दुर्मीळ नाही. तुमच्या ओळखीपाळखीत असं मूल असेलही, फक्त घरच्यांनी ते बोलून दाखवलेलं नसेल.

आता पत्रिकेबद्दल. मेंदूच्या चित्रावरून भाषेचं भविष्य सांगण्याची सवय जुनी आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने डाव्या मेंदूतला एक भाग दाखवला आणि बोलण्याचा पत्ता सापडल्यासारखं झालं. प्रौढ माणसांच्या बाबतीत तो पत्ता बराचसा खराही आहे: चाळिशीत डाव्या बाजूला पक्षाघात झाला, तर वाचा जाऊ शकते. पण बाळाचा मेंदू म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ मेंदू नव्हे. अमेरिकेत एलिसा न्यूपोर्ट आणि सहकाऱ्यांनी जन्माच्या सुमारास डाव्या मेंदूत पक्षाघात झालेल्या मुलांचा ती मोठी झाल्यावर अभ्यास केला. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या मुलांची भाषा उजव्या मेंदूत, नेमक्या समोरच्या आरशातल्या जागी वसली होती, आणि ती व्यवस्थित बोलत होती. एमआयटीतल्या एव्ह फेडोरेंको यांच्या गटाने अभ्यासलेली एक स्त्री 'ई.जी.' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या मेंदूचा डावा टेम्पोरल लोब जवळपास नाहीच. तो बहुधा जन्माआधी किंवा जन्माच्या सुमारास गेला. बाई उच्चशिक्षित आहेत आणि मातृभाषा इंग्रजीखेरीज रशियनही शिकल्या आहेत. हा मेंदू 'एकच भाषा' सांगणाऱ्यांपैकी कुणाच्या हाती लहानपणी लागला असता, तर रशियनचा प्रश्नच आला नसता.

याचा अर्थ असा नव्हे की सगळं आपोआप ठीक होतं. पूल नसलेल्या मुलांत फार मोठी तफावत असते. ज्यांच्यात मेंदूचे इतर दोष किंवा एखादा जनुकीय आजार सोबत असतो, त्यांच्यातली काही मुलं बोलतच नाहीत. केवळ पूल नसलेली बरीच मुलं मात्र बोलू लागतात, वाक्यं करतात, शाळेत जातात. अडतं ते पुढे. लिन पॉल, वॉरन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी सामान्य बुद्ध्यांक असलेल्या अशा लोकांचा अभ्यास केला. शब्दशः अर्थाच्या वाक्यांत त्यांचं फारसं अडत नव्हतं. वाक्प्रचार, म्हणी, विनोदाचा शेवट, आवाजातला राग किंवा थट्टा इथे ते अडखळत होते. 'रेन मॅन' (१९८८) हा सिनेमा ज्याच्यावरून सुचला, त्या किम पीकच्या मेंदूतही हा पूल नव्हता. इतरही वेगळेपण होतं. हजारो पुस्तकं मुखोद्गत असलेल्या या माणसाला हॉटेलात वडिलांनी आवाज खाली आणायला सांगितला, तर तो खुर्चीतून खाली घसरला.

म्हणजे अशा मुलाला कमी पडतात ते शब्द नव्हेत; बोलणाऱ्याच्या मनातलं आणि तोंडातलं यांच्यामधलं अंतर त्याला कळत नाही. ते कुठे शिकायला मिळतं? फ्लॅशकार्डांवर नाही. ते शिकायला मिळतं जिथे माणसं मोकळेपणी बोलतात तिथे: टोमणे मारतात, लाडाने शिव्या घालतात, एक बोलून दुसरंच सुचवतात. आमच्याकडे हे काम माझ्या सासूबाई करतात. "डोक्यावर मिऱ्या वाटतेस माझ्या" म्हटल्यावर मुलगी विचारते, "मिऱ्या कुठायत?" मग आजी समजावून सांगते, दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला मुलगी हसते. "शहाणीच आहेस!" हे कौतुक कधी आणि टोला कधी, हे ती आजीच्या भुवया बघून शिकते आहे. अजून पुष्कळदा चुकते. पण सराव रोजचा आहे, फुकट आहे आणि न कंटाळता चालला आहे.

आता याच सासूबाईंना इंग्रजी बोलायला लावा. त्यांच्याकडे उरेल "कम", "सिट", "ईट". सल्ला पाळणारी घरं मी पाहिली आहेत. ज्या आईबापांना इंग्रजीत भांडताही येत नाही, ते मुलाशी इंग्रजीत फक्त आज्ञा देतात आणि प्रश्न विचारतात: "व्हॉट कलर इज धिस?" आपसात मात्र मराठीत हसतात, चिडतात. मूल त्या गप्पांच्या बाहेर. ज्याला आडून बोललेलं कळत नाही, त्याच्यासमोरून आडून बोलणारी माणसंच उठवून लावायची, याला उपचार कसं म्हणायचं?

समोरचा युक्तिवाद मी ऐकला आहे: मेंदूची क्षमता मर्यादित, त्यावर दोन भाषांचा भार कशाला? ऐकायला पटण्यासारखं आहे, पण तपासल्यावर टिकत नाही. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांचं इंग्रजी तशाच एकभाषिक मुलांशी ताडून पाहिलं. ते मागे नव्हतं, आणि दुसरी भाषा वर होतीच. डाउन सिंड्रोम ही वेगळी अवस्था आहे, मान्य. पण 'दुबळ्या मेंदूला दोन भाषा पेलत नाहीत' हा सरसकट दावा तिथेच कोसळतो. आणि मुळात आपल्या देशात एकभाषिक आयुष्य मिळणार कुणाला? मराठी काढून टाकलेलं मूल जिन्यात, बसमध्ये, लग्नात मुकंच राहणार.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते सेवा देणाऱ्यांच्या सोयीचं आहे. चाचण्या इंग्रजी, चित्रं परदेशी, प्रशिक्षण इंग्रजीतून. माझ्या मुलीच्या पहिल्या मूल्यमापनात खांबावरच्या अमेरिकन टपालपेटीचं चित्र होतं. ती म्हणाली, "पेटी." गुण शून्य. टोस्टरला "डबा" म्हणाली, तिथेही शून्य. या शून्यांची बेरीज करून तिचं 'भाषिक वय' काढलं गेलं आणि त्या वयावरून आम्हाला मराठी थांबवायला सांगण्यात आलं. मापाचं भांडं फुटकं असलं, की दोष दुधाला!

आम्ही मराठी थांबवली नाही. थेरपीही थांबवली नाही, हे मुद्दाम सांगते. कारण "बोलेल हो, तिचा काकाही उशिराच बोलला" म्हणणारे नातेवाईक या सल्ल्याइतकेच घातक असतात. श्रवणचाचणी लवकर हवी, वाचा-उपचार लवकर हवेत, आणि जे मूल तोंडाने बोलणार नाही त्याला चित्रं, खुणा, यंत्रं हवीत. पण त्या चित्रांखालचे शब्दही घरात बोलले जाणारेच हवेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा यांचं अपंगत्व नोंदलेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. दोन हजार वर्षांच्या भाषेला तीन वर्षांच्या मुलासाठी पोळपाट, सांडशी आणि एसटीची चित्रं असलेली एक प्रमाणित चाचणी प्रत्येक केंद्रात पोचवता येऊ नये?

तोवर पालकांनी एवढं करावं. कुणी "एकच भाषा बोला" म्हणालं, की शांतपणे विचारावं: कशाच्या आधारावर? आणि उत्तरादाखल एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली गेली, तर सांगावं, की यात पूल दिसत नाही हे आम्हालाही दिसतंय. आजी कुठे दिसतेय?