दातांची चौकशी

२०२५ च्या जानेवारीत २५ आणि २६ तारखेला कोल्डप्ले अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर वाजवून गेला, आणि तेव्हापासून बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या सेव-उसळीच्या गाडीवर एक वाद उकळतो आहे: खरा चाहता कोण? एका बाजूला २००० सालच्या ‘पॅराशूट्स’ या अल्बमपासूनचे निष्ठावंत, दुसऱ्या बाजूला तिकीट हातात पडल्यावर गाणी शोधायला बसलेले. निष्ठावंतांपैकी बरेच जण ऑनलाइन रांगेत लाखाच्या घरातला नंबर बघत घरीच राहिले आणि नवख्यांनी चढ्या भावाने आपली सोय लावली. त्यामुळे वादाला तत्त्वाइतकीच जळफळाटाचीही फोडणी आहे.

जे गेले त्यांच्या मनगटावर एक पट्टा होता. गाण्याबरहुकूम तो कधी लाल, कधी पिवळा, कधी निळा होतो. कोणाचं मनगट कधी उजळायचं हे कोल्डप्लेकडून ठरतं, आणि घरी जाताना पट्टा परत करायचा असतो. लाखभर माणसं एका क्षणी भारावली याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा, तोही परतीच्या बोलीवर! आम्हांला ही व्यवस्था फार आवडली.

पण रावपुऱ्यात ‘बँड’ या शब्दाचा पहिला अर्थ अजून वेगळा आहे. खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा आणि पायात घरचीच चप्पल, असा तो बँड. वरघोड्यापुढे चालणारा, अनंत चतुर्दशीला टॉवरपासून पुढे इंच-इंच सरकणारा. त्याचेही चाहते असतात. नाचणारे नव्हेत; ते मिरवणुकीचे. दहाची नोट ओवाळून ट्रंपेटवाल्याच्या नाकापुढे धरणारेही नव्हेत, ते स्वतःचे.

आमच्या पाहण्यात एक काका आहेत. विसर्जनाच्या दिवशी दुपारपासून एका बंद दुकानाच्या ओट्यावर त्यांची बैठक. बँड दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगतील की क्लॅरोनेटची पत्ती नवी आहे, अजून जिभेला सरावलेली नाही. कोणी कौतुकाने नागाची धून मागितली की त्याची शिकवणी सुरू: ‘नागिन’मधली (१९५४) ती बीन मुळात बीन नव्हतीच, क्लेव्हायोलिन होतं, कल्याणजींनी वाजवलेलं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर प्रभात बँडचे आणि दरबार बँडचे जे खानदानी श्रोते आहेत, त्यांच्याशी आपली बरोबरी आहे असं त्यांचं मत आहे. समोरच्याने नुसतं ‘छान वाजवतात’ म्हटलं तर काका त्याच्याकडे, पुरणपोळीवर सॉस मागणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. ‘पॅराशूट्स’वाल्यांनी या ओट्यावर येऊन दीक्षा घ्यावी.

बँड ओट्याशी अडला की काका खाली उतरतात आणि क्लॅरोनेटवाल्याला एकच विचारतात, “दात कसे आहेत?” हे ऐकून आम्ही पहिल्यांदा हसलो होतो. मग कळलं की क्लॅरोनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकतं. ते हलायला लागले की सूर हलतो, आणि पडले की माणूस झांजेवर जातो. झांजवाल्याची बिदागी कमी. एवढा नेमका प्रश्न विचारणारा चाहता आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

या शौकाची मुळं दरबारात आहेत, हे बडोद्यात पानवालाही सांगेल. १८८६ मध्ये तिसऱ्या सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. आज सूरसागरकाठी विद्यापीठाची जी संगीताची विद्याशाखा आहे, तिचं मूळ ते. दरबारचा बँड होता, त्याला फ्रेडिलिस नावाचे बँडमास्तर होते, आणि हिंदुस्थानी चिजा विलायती वाद्यांवर बसवण्याचे उद्योग इथे चालत. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली. गवई, बीनकार, वाजंत्री यांच्यासाठी स्वतंत्र कलावंत कारखाना होता आणि इतर खात्यांसारखे त्यालाही नियम होते. महाराज स्वतः गाण्यात कितपत रमत, यावर जुन्या बडोदेकरांचं कधी एकमत व्हायचं नाही. कारखान्याचा खर्च मात्र खजिन्यातून व्हायचा. (आफ्ताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब याच दरबारचे. १९५० मध्ये ते इथेच गेले. त्यांचं नाव घेताना आजही कानाच्या पाळीला हात लावतात, आणि २००२ च्या दंगलीत त्यांच्या कबरीची विटंबना झाली तीही याच संस्कारनगरीत.)

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. चाहते होते तिथेच राहिले; पोसणारा गेला. रस्त्यावरच्या बँडला तर खजिना कधी नव्हताच. त्याचा महाराजा म्हणजे वधूपिता आणि गणेश मंडळाचा खजिनदार. पैकी खजिनदाराला आता डीजे लागतो. एक ट्रक, एक जनरेटर, दोन पोरं. वीस माणसांच्या नाश्त्याची कटकट नाही आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या की वर्गणी वसूल झाल्यासारखी वाटते. वधूपित्याचंही तेच. बँडवाल्यांनीही मग काळाप्रमाणे हातगाडीवर कीबोर्ड चढवला. चार क्लॅरोनेटचं काम त्याचं एक बटण करतं, आणि बटणाला दात नसतात.

डीजेविरुद्ध काकांनी मोठं बौद्धिक घेतलं. आवाजाची पातळी, म्हाताऱ्यांची हृदयं, संस्कृती, सयाजीराव, सगळं आलं. आम्ही माना डोलावल्या. नंतर कोणीतरी हळूच सांगितलं की गेल्या हिवाळ्यात नातवाच्या लग्नात काकांच्याच दारात डीजे होता. मुलांची हौस, काका म्हणाले. आपण मध्ये पडलो नाही.

इथे आमची त्या सेव-उसळीवाल्या वादात थोडी गोची होते. ‘पॅराशूट्स’पासूनची सगळी गाणी पाठ असलेला निष्ठावंत आणि आयत्या वेळी एकच गाणं ऐकून हजारो रुपये मोजणारा नवखा, यांत दर्दी कोण याचं उत्तर सोपं आहे. पण बँडचं पोट कोणी भरलं, असं विचारलं तर उत्तर फिरतं. कोल्डप्लेला ही विवंचना नाही. त्याला दोन्ही जातींचे चाहते भरपूर. रावपुऱ्याच्या क्लॅरोनेटवाल्याला पहिल्या जातीचे ओट्या-ओट्यावर भेटतात. सुपारी घेऊन येणारा दुसऱ्या जातीचा असतो, आणि तो बऱ्याचदा बेसूर असतो, नाचताना ड्रमवर आदळतो, नागाचीच धून मागतो. त्याला हसण्याचा आमचा हक्क आम्ही सोडणार नाही. पण मागच्या दहा वर्षांत स्वतः बँडला एकदाही सुपारी दिलेली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मागच्या अनंत चतुर्दशीला बँड आला तो दहा-बारा माणसांचा. क्लॅरोनेट एकच. काका उतरले, नेहमीचा प्रश्न विचारला. क्लॅरोनेटवाल्याने तोंड उघडून दाखवलं: पुढचे दोन नवे, पांढरेशुभ्र. काका खूश. त्याने पत्ती ओठांत धरून ओली केली, पुन्हा काढली आणि अदबीने विचारलं, “काका, घेर कोई प्रसंग छे के?”

काका टॉवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. १८९६ चा टॉवर आहे, ते म्हणाले, नागरिकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला.