शर्यत आणि कुंपण

मोटारींच्या शर्यतींचा विषय निघाला कीं आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात व पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. ह्या खेळाचा आरंभ दोघांनींही जाणून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेंत मैदानावरच्या मोटार-शर्यतींचा आरंभ घोड्यांच्या मैदानांत झाला. ता. ७ सप्टेंबर १८९६ रोजीं ऱ्होड आयलंड राज्याच्या जत्रेंत, घोड्यांसाठीं केलेल्या एक मैल घेराच्या मातीच्या वाटेवर मोटारी धांवल्या. आणि जिंकली ती विजेवर चालणारी गाडी! असलीं मैदानें जागोजाग तयार होतीं, कुंपणामुळें तिकीट लावतां येई, आणि त्या काळचे रस्ते तर मोटारींच्या लायकीचे नव्हतेच. १९०१ च्या आक्टोबरांत डेट्रॉइटजवळ अशाच मातीवर हेन्री फोर्ड यांनीं नामांकित विन्टन यांस हरविलें, तेव्हां कोठें भांडवलवाल्यांचा फोर्डांवर पुन्हां विश्वास बसला.

१९०३ सालच्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. मे महिन्यांत पॅरिस-माद्रिद शर्यत उघड्या रस्त्यानें निघाली. चालकांबरोबर वाटेवरचे बघेही प्राणांस मुकले व ती बोर्दो येथेंच थांबवावी लागली. जूनमध्यें इंडियानापोलिस येथें बार्नी ओल्डफील्ड यांनीं मातीच्या मैदानांत एक मैल ५९.६ सेकंदांत तोडला. मैदानांत अपघात होत नसत असें नाहीं. धुरळ्यांत मागच्यास पुढचें दिसेना. परंतु भाजी घेऊन घरीं निघालेली एखादी बाई त्यांत सांपडत नसे.

आमच्या बैलगाडा-शर्यतीही मातीवरच्याच. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें अटी घालून परवानगी दिली, व मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला. मुक्या जनावरासाठीं घातलेल्या अटींनींच ती शर्यत वांचविली, असें आमचें मत आहे. पौलानेंही तीमथ्यास लिहितांना मल्लाच्या मुकुटाची नियमांशीं सांगड घातली आहे.

तेव्हां आम्ही वेगाचे शत्रु नव्हे. ज्यास हौस असेल त्यानें वयांत यावें, परवाना घ्यावा, शर्यतीचें मैदान गांठावें. पांच उद्यानांभोंवतालचा रस्ता मोकळा दिसला कीं मोटारसायकल भरधांव सोडणें ही शर्यत नव्हे. तेथें म्हातारींकोतारीं फिरावयास येतात, त्यांनीं कोणतेंही तिकीट काढलेलें नसतें. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. गाडीची किल्ली घरांत कोठें टांगलेली असते, हें आम्ही पालकांसच विचारतों.