आधी इंजिन, मग रंग

जुनी गाडी रिस्टोअर करणं म्हणजे रंगकाम, असा आपला समज झालाय. माझाही होता. अब्बांच्या येझदीच्या रंगावर आणि क्रोमवरच मी पैसे संपवले. गाडी किकला सुरू होत होती, म्हणजे इंजिन ठीक!

पौडच्या मिस्त्रींनी ब्लॉक उतरवला, तर पिस्टनवर उभे ओरखडे, कनेक्टिंग रॉडला वर-खाली प्ले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच आतल्या भागांना वंगण देतं. तिथे काटकसर केली की झीज गुपचूप वाढते. ताम्हिणीच्या उतारावर पिस्टन जाम झाला असता, तर मागचं चाकही जागीच अडकलं असतं.

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या काळची कुठलीही गाडी घ्या, आधी इंजिन उघडा. रंगाला घाई नसते.